बाप, द्वारा ५६ एपीओ

फौजेतल्या माणसाचं जुनं घरपत्र वाचायला घेतलं, तर त्यातलं मूल शोधायला तळाशी जावं लागतं. पत्र वडिलांच्या नावे असायचं. तीर्थरूपांस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील क्षेम, मग पाऊसपाणी, बैल, बांधावरून चाललेली कटकट, मागच्या महिन्याची मनीऑर्डर पोचली की नाही. कागद संपत आला की अक्षर बारीक व्हायचं आणि कडेच्या कोऱ्या जागेत दाटीवाटीने यायचं, की चि. बाळूस अनेक आशीर्वाद, त्यास शाळा बुडवू देऊ नये, त्याच्या आईस प्रकृतीस जपण्यास सांगावे. सासू-सासरे घरात असताना जवानाने बायकोच्या नावे पत्र टाकणं आगाऊपणाचं समजलं जाई. मग पोराच्या आडून दोन शब्द तिच्यापर्यंत जायचे. बाळू हा पत्रातला शेवटचा माणूस, आणि सगळ्यात कामाचाही.

लांब तैनात असलेला बाप मुलाच्या आयुष्यात कसा टिकून राहिला, हे सांगताना आपण साधनांची यादी करतो. कार्ड, तार, फोन, व्हिडिओ कॉल. मला त्या यादीत मधली माणसं जास्त दिसतात. पत्र लिहून देणारा, वाचून दाखवणारा, तपासणारा, वाटेत ठेवून विसरणारा. बाप मुलाशी थेट बोलला असं फार क्वचित घडलं आहे, आणि जे बोलणं पोचलं त्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरलेला आहे. मागोवा घ्यायचा तो या हातांचा.

सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची शिस्त सांगितली आहे. पावसाळ्याचे चार महिने छावणी, दसऱ्याला कूच, मग आठ महिने मुलुखगिरी. लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी नेऊ नयेत हेही त्यात आहे. म्हणजे बापाच्या गैरहजेरीला ऋतू होता. शिलंगणाचं सोनं वाटून निघालेला माणूस वैशाखापर्यंत मुलुखाबाहेर, एवढं पोरालाही कळत असणार. मधल्या काळात बातमी आणायची ती जखमी होऊन परतलेल्याने, नाहीतर वाटेवरच्या व्यापाऱ्याने. जासूद आणि कासीद होते, पण ते सरदारांचे आणि सावकारांचे. १७६५ मध्ये मल्हारराव होळकर अहिल्याबाईंना मोहिमेवरून पत्रं धाडत होते, त्यांत तोफखाना ग्वाल्हेरकडे कसा न्यावा याच्या सूचना आहेत. रणावरून पत्राने घडवलेलं अपत्य म्हणायचं, तर मराठी इतिहासातलं मला चटकन आठवणारं उदाहरण हेच, आणि ते अपत्य म्हणजे सून. शिलेदार-बारगिरांच्या घरी असलं काही पोचण्याचा प्रश्न नव्हता. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. खुद्द पेशव्याला तिची खबर दहाएक दिवसांनी वाटेत हाती लागलेल्या एका सावकारी पत्रातून कळली, आणि त्याचा थोरला मुलगा त्या लढाईत गेला होता. गावोगावच्या घरांना पत्र कोण लिहिणार? तिथे परत न आलेला माणूस हीच बातमी.

फौजेमागोमाग टपाल जायला लागलं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या अखेरच्या दिवसांत. १८५६ मध्ये इराणच्या आखातात बुशहरवर मोहीम निघाली, तेव्हा तिच्याबरोबर फिरतं डाकघर पाठवलं गेलं. भारतीय लष्करी टपालाचा इतिहास तिथून मोजतात. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि पुढच्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी टपाल खात्याची मनीऑर्डर. शिपायाच्या खिशाला झेपेल असं आता सगळं होतं. लिहिता येत नव्हतं एवढंच.

एका बाबतीत मात्र फौज गावाच्या पुढे होती. कंपनीच्या लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींनाही शिक्षण सक्तीचं होतं, असं बाबासाहेब आंबेडकरांनी नोंदवून ठेवलं आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. रामजींच्या घरात अक्षर आलं ते छावणीच्या या व्यवस्थेमुळे. म्हणूनच १९०१ ची ती गोष्ट मला फार बोचते. रामजी तेव्हा निवृत्त होऊन खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. साताऱ्यात राहणाऱ्या मुलांना सुट्टीत वडिलांकडे जायचं होतं. आई वारलेली. मुलांनी रीतसर पत्र लिहून येण्याचा दिवस कळवला, नवे कपडे घातले, आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि महार म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवाला बसवून घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर, आणि गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर, एक जण तयार झाला, तो गाडीबरोबर चालत राहिला. रात्र वाटेत, उपाशीपोटी, प्यायला पाणी नाही. बाबासाहेबांनी हे सगळं पुढे इंग्रजीत लिहून ठेवलं आहे. पत्राचं काय झालं होतं? ते पोचलं होतं. वडिलांच्या गड्याच्या हाती पडलं आणि त्याने ते धन्याला द्यायचं राहून गेलं. पोरांना अक्षर येत होतं, बापाला येत होतं, टपाल चोख होतं. मधला एक माणूस विसरला आणि मधला अख्खा समाज आडवा आला.

बाकीच्या शिपायांचं चित्र वेगळं होतं. १९११ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभर पुरुषांमागे दहा-अकराच साक्षर होते. १९१४ च्या सप्टेंबरात हिंदी फौज मार्सेला उतरली तेव्हा पलटणीतल्या एखाद्या लिहिणाऱ्याभोवती घोळका जमायचा. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि ऐकणारे सहा. घराकडे उलटं. पत्र पोस्टमनने, मास्तराने नाहीतर तलाठ्याने वाचून दाखवायचं, तेही ओसरीवर, चार जण बसलेले असताना. असल्या पत्रात बाप मुलाला काय सांगणार? आशीर्वाद. शहाण्यासारखा राहा. गाईला चारा घाल. कोरडं वाटतं, पण दहा माणसांच्या देखत माया इतपतच दाखवता येते.

त्यात तपासनीस आला. हिंदी शिपायांच्या टपालासाठी फ्रान्समध्ये वेगळं सेन्सॉर कार्यालय थाटण्यात आलं, त्याचा पहिला प्रमुख एव्हलिन हॉवेल हा हिंदुस्थानच्या मुलकी सेवेतला अधिकारी. पत्रं उघडायची, निवडक मजकुराचा इंग्रजी तर्जुमा करायचा, आठवड्याला अहवाल द्यायचा. शिपायांना हे ठाऊक होतं. म्हणून देशी शिपायाला काळी मिरी आणि गोऱ्याला लाल मिरची असल्या खुणा ते वापरत. मूळ पत्रं गावांकडे गेली आणि तिथे उंदरांनी, पावसाने, चुलीने संपवली. टिकले ते तपासनिसाचे उतारे, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्याचं काम बाप-लेकांच्या बोलण्यावर पहारा ठेवायचं, त्याच्याच दप्तरामुळे ते बोलणं आपल्याला ऐकू येतं. या उताऱ्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. फ्रान्समधल्या बाया कामं करतात, हिशेब ठेवतात, वाचतात हे पाहून शिपाई घरी लिहितो की मुलींनाही शाळेत घाला. हुकूम सोडायला बाप हजर नाही, पण हुकमाचा विषय बदलला आहे.

या उताऱ्यांत मराठी आवाज तुरळक. बहुतेक मजकूर उर्दू आणि गुरुमुखीतला. मराठा पलटणींचा मोठा हिस्सा मेसोपोटेमियाकडे गेला होता. सहावी पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारात ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि उरलेली माणसं कैदेत गेली, त्यांतली पुष्कळशी तिकडेच संपली. त्या महिन्यांत रत्नागिरी-साताऱ्याच्या घरांत पोरांना बापाबद्दल काय सांगितलं जात असेल, याचं कुठलंही दप्तर नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली. मराठा पलटणी एरिट्रियात केरेनला लढल्या, इटलीत लढल्या. जवान आता सही करणारा, थोडंफार वाचणारा होता. पण फौजेने त्याला शिकवली होती ती रोमन लिपीतली हिंदुस्तानी, आणि घरी त्याचा बाप मोडी, नाहीतर बाळबोध जाणणारा. शिकूनसुद्धा घरच्या पत्राला मराठी लिहिणारा सोबती शोधावा लागे तो असा.

मला विचाराल तर या सगळ्या काळातला बापपणाचा खरा दस्तऐवज पत्र नव्हे, मनीऑर्डर. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी एक चिठोरं असायचं, कूपन म्हणत. पोस्टमन पैसे मोजून देताना ते फाडून घरी ठेवून जायचा. जागा तीन-चार ओळींची. तिथे नमस्कार-चमत्काराला वाव नव्हता. पन्नास पाठवले आहेत. पंधरा बाळूच्या फीचे, त्यात हात घालू नये. गीताला चप्पल. इतकंच. पण हे ‘पंधरा बाळूचे’ हा अधिकार होता. एकत्र कुटुंबात पैसा आजोबांच्या हाती जायचा, आणि हजार मैलांवरून आपल्या पोराच्या वाट्याची रक्कम वेगळी काढून ठेवायला सांगणारी ती ओळ म्हणजे जवानाने घरात टाकलेलं मत. पोस्टमन ती मोठ्याने वाचायचा, त्यामुळे पोरालाही ऐकू जायची आणि आजोबांना नाकारता यायची नाही. ओसरीवरच्या जाहीर वाचनाचा मुलाला फायदा झाला असेल तर तो इथे. फॉर्मचा दुसरा तुकडा, पोचपावतीचा, घेणाऱ्याची सही नाहीतर अंगठा लावून उलट पलटणीत जाई. महिनोन्महिने घरून जवानाकडे पोचणारा एकमेव ठसा तोच असायचा. टपाल खात्याने जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद केली. तिच्या जागच्या इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरमध्ये ठरावीक संदेशांतून एक निवडायचा असतो. ‘पंधरा बाळूचे’ असा पर्याय त्या यादीत कसा असणार?

स्वातंत्र्यानंतरच्या पोरांना बापाचा पत्ता मिळाला, गाव मिळालं नाही. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, द्वारा ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पूर्वेकडचा असेल तर ९९ एपीओ. दिल्ली आणि कलकत्त्याच्या लष्करी टपाल केंद्रांतून पत्र पुढे तंगधारला जातंय की तवांगला, हे पाकिटावर कुठेच नसायचं, कारण ते कुणाला कळू नये हाच हेतू. फौजी घरांतली मुलं छप्पन एपीओ हे एखादं मोठं गाव समजून नकाशात शोधायची, हे साताऱ्याकडे कुणीही सांगेल. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, आणि संस्कृतचे नाटककार-कवी. त्यांनी देशाचे आठ भौगोलिक विभाग पाडले आणि नववा आकडा फौजेसाठी ठेवला, ज्याला भूगोलच नाही. त्याच वर्षी १ मार्चला लष्करी टपाल सेवा ही स्वतंत्र कोअर झाली होती. कडक तैनातीवरच्या जवानाला तिकीट न लावता पत्र टाकायची सवलत मिळत राहिली.

मुलाच्या लेखी मात्र बाप म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने. साठ दिवसांची वार्षिक रजा, तीस दिवसांची किरकोळ, त्यातला प्रवासाचा वेळ वजा. काळी पत्र्याची ट्रंक, होल्डॉल, कँटीनचा साबण, ब्लँकेट. दोन वर्षांचं पोर या माणसाला काका म्हणायचं, जवळ जायला चार-पाच दिवस घ्यायचं, आणि पुरतं चिकटलं की रजा संपायची. या दोन महिन्यांत मुलाला शिस्त लावून टाकायची घाई बापाला असते, आणि पोराला तो एक कडक पाहुणा वाटतो. उरलेल्या दहा महिन्यांत तोच बाप आईच्या तोंडून बोलतो. कधी धाक म्हणून, येऊ देत तुझ्या वडलांना. कधी आमिष म्हणून. आईने वापरलेला हा बाप आणि ट्रंक घेऊन उतरलेला बाप बहुधा जुळत नाहीत. शासनानेही मधली जागा थोडी भरून काढली. देशातली पहिली सैनिकी शाळा साताऱ्यात २३ जून १९६१ ला सुरू झाली, जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिकांच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली. तिथे मुलाला शिक्षण मिळालं, आणि बापाच्या जोडीला आईही पत्रातली झाली.

आवाज पहिल्यांदा आला तो रेडिओने, तोही बापाचा नव्हे. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर ‘जयमाला’ हा फौजी भाइयोंच्या फर्माइशीचा कार्यक्रम संध्याकाळी लागू लागला. हजारो नावांच्या गर्दीत कधीतरी ओळखीचं नाव येई आणि घर ढवळून निघे. बापाला कोणतं गाणं आवडतं हे कित्येक पोरांना निवेदकाकडून कळलं. १९९७ मध्ये ‘बॉर्डर’ आला, तेव्हा त्यातलं चिठ्ठ्यांचं गाणं गावोगाव वाजलं. गंमत म्हणजे तोवर चिठ्ठी उतरणीला लागली होती. पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले होते. रात्री उशिरा दर उतरले की बूथपुढे रांग, आणि इकडे गावात किराणावाल्याचा फोन. पोरगा धावत निरोप आणी, दहा मिनिटांनी परत करणार आहेत. मग आजी, आई, दोन पोरं दुकानात उभी, मीटर चालू, किराणावाला ऐकतोय. फोनवर मूल बोलत नाही, हे ज्याने कधी दोन वर्षांच्या मुलाला फोन दिला आहे त्याला माहीत असतं. बाप तिकडून हॅलो हॅलो करतो, पैसे सरतात.

उंचावरच्या चौक्यांवर उपग्रह फोन होते. त्यांचा दर मिनिटाला पाच रुपये होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये दिवाळीच्या तोंडावर सरकारने तो एक रुपयावर आणला आणि महिन्याचं पाचशे रुपये भाडं काढून टाकलं. ६ ऑक्टोबर २०२३ ला सियाचिनमध्ये साडेपंधरा हजार फुटांच्याही वर बीएसएनएलचा पहिला मोबाइल टॉवर उभा राहिला. जानेवारी २०२५ मध्ये तिथे जिओचं फोर-जी, फाइव्ह-जी पोचल्याची घोषणा झाली. आता चौकीवरचा बाप मुलीची वही पडद्यावर पाहू शकतो, तिचं गणित चुकलं तर तिथून सांगू शकतो. किराणावाला गेला, पोस्टमन गेला, पत्र वाचणारा मास्तर गेला.

तपासनीस तेवढा राहिला, फक्त त्याने जागा बदलली. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवान-अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्राम धरून ८९ ॲप फोनमधून काढून टाकायला सांगितलं. एक लेफ्टनंट कर्नल दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं की, दुर्गम भागात काम करताना परदेशातल्या कुटुंबीयांशी, त्यात थोरली मुलगी, आपण याच माध्यमातून जोडलेले आहोत. ऑगस्टमध्ये याचिका फेटाळली गेली. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. हनी ट्रॅपच्या प्रकरणांत जवान पकडले गेले आहेत, आणि एका फोटोतल्या डोंगरावरून चौकी ओळखता येते. पण ज्या पोराचा बाप त्याच्या मोबाइलमध्ये राहतो, त्याला हा तोडगा कसा समजावायचा? हॉवेलचं कार्यालय निदान पत्र पुढे पाठवत होतं.

आणि आता आई तैनातीवर जाऊ लागली आहे. कर्नल संतोष महाडिक हे साताऱ्याचे, नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात कामी आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट म्हणून कमिशन घेतलं, दोन्ही मुलं निवासी शाळांत ठेवून. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या स्त्री-अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा हक्क दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा अधिकाऱ्यांप्रमाणे महिला सैनिक, नाविक आणि हवाई योद्ध्यांनाही लागू झाली. संगोपनाची रजा संपूर्ण सेवेत मिळून ३६० दिवस, मूल अठराचं होईपर्यंत. विवाहित बापाला बाळाच्या जन्माच्या वेळची पंधरा दिवसांची रजा आहे, बाकीचं वार्षिक रजेत बसवायचं. नियम लिहिणाऱ्याने मूल वाढवणारी व्यक्ती कोण हे इथे ठरवून टाकलं आहे. आई सीमेवर आणि बाप घरी, अशा घरातल्या पोराचा अभ्यास कोण घेतो, रात्री दहाला वाजणारा फोन कोण उचलतं, आणि बोलायला नकार देणाऱ्या पोराला कोण पटवतं, हे अजून कुठल्या बखरीत, उताऱ्यात किंवा कूपनावर आलेलं नाही. ते लिहिलं जाईल तेव्हा मधल्या माणसाच्या जागी पहिल्यांदाच बाप असेल.